काना की मात्रा

मेझा नदीच्या काठी बॉयलर बनवणारी एक फॅक्टरी आहे.
तिच्या दुसऱ्या मजल्यावर, कँटीनच्या वासाच्या बरोबर वर,
मिलोय्का आणि झिगा
सकाळपासून एका स्वरावर अडून बसलेत.

वाक्य एवढंच:
दाब चारच्या वर गेला तर व्हॉल्व्ह बंद करा.

मराठीत विषय इथेच मिटला असता.
आपला व्हॉल्व्ह एक असो, दोन असोत की सात,
सणासुदीलाही सदरा न बदलणाऱ्या मामासारखा
तसाच उभा.
किती, ते ज्याचं त्यानं तळघरात उतरून मोजावं.

इथे मोजल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.
दोनच असतील तर वेंतिला.
त्याहून जास्त असतील तर वेंतिले.
काना की मात्रा, एवढंच भांडण.

द्विवचन आपल्याला शाळेत भेटलेलं. देवः देवौ देवाः.
मधला देवौ परीक्षेपुरता आला,
पुढे त्याचं काय झालं कुणी विचारलं नाही.
इथे तो अजून बाजारातून बटाटे आणतो,
सायकलचं पंक्चर काढतो.

झिगा म्हणतो, पुढच्या वर्षीच्या मॉडेलला तीन असणार.
आत्ताच मात्रा देऊन टाकू.
एक पुस्तिका, सगळी मॉडेलं, छपाई एकदाच.
अनेकवचनात दोघंही बसतात की,
जागा अडते का कुणाची?

मिलोय्का कानावरची पेन्सिल काढते, पुन्हा कानावर ठेवते.
अकरा वर्षांपूर्वी मात्राच दिली होती, म्हणते.
मीच दिली होती.
फेब्रुवारीत रात्री अडीचला हिन्कोला फोन आला,
वृद्धाश्रमाच्या तळघरातून, रखवालदाराचा.
दोन्ही बंद केले होते त्यानं.
मग चाळीस मिनिटं टॉर्च घेऊन
तिसरा शोधत होता.
पुस्तिकेत लिहिलंय म्हणजे असणारच, म्हणाला.

झिगा काही बोलत नाही.
पान उलटतो. चौदावं.
आणि एकदम खुर्चीत सरळ होतो.

इथे बघ: व्हॉल्व्ह उघडू नका.
नकार आला, विभक्ती बदलली,
दोन असले तरी वेंतिलोव, दहा असले तरी वेंतिलोव.
नाही म्हटलं की तुझं द्विवचन
व्याकरणातच शिल्लक राहत नाही!

हे तिला ठाऊक नसेल असं नाही.
चाळीस वर्षं ती हेच करत आलीय.
तरी ती खिडकीतून पार्किंगकडे बघत राहते,
जिथे तिची गाडी उभी आहे
आणि शेजारची, तीन वर्षांपूर्वीपर्यंत ठरलेली, जागा
आता जो येईल त्याची.

मग बसते आणि लिहिते:
पहिला व्हॉल्व्ह उघडू नका.
दुसराही उघडू नका.

दोन ओळी झाल्या, झिगा म्हणतो.
हो.
आकृती पंधराव्या पानावर जाईल.
जाऊ दे.
हिशेबवाले ओरडतील.
एकवचनात ओरडतील का अनेकवचनात? ती विचारते,
आणि झिगाला आज पहिल्यांदा हसू येतं.

वरच्या वाक्याला काना.
पुढच्या वर्षी तीन आले तर पुढच्या वर्षी बघू.
पुस्तिका छापून शहाणपण थोडंच साठवता येतं.

अंधार पडायला लागलाय. झिगा जॅकेट चढवतो.
ग्रेवा? म्हणतो.
चलायचं का, आपण दोघं.
त्या क्रियापदात
बरोबर दोन माणसांपुरती जागा असते,
तिसऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबावं लागतं.

मिलोय्का दिवा मालवते.
खालच्या वर्कशॉपमध्ये अजून उजेड आहे,
कुणीतरी पाना पाडल्याचा आवाज,
पाठोपाठ हिन्कोची एक शिवी.

त्यालाही घेऊ, ती म्हणते.
ग्रेमो.
आणि जिना उतरताना तिनं
जे वचन दिवसभर पानावर येऊ दिलं नव्हतं,
ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं,
खाली हाक मारून म्हटलं.